पाजारी

पाकीट आधी माझ्याकडेच आलं.
ऑड्री ब्लँचर्ड दाढ दाखवायला गेली होती.
कुरिअरवाल्याने तिच्या दाराच्या फटीत कार्ड सरकवलं
आणि सही माझी घेतली.
मी रात्रपाळीहून आलेली, केसांना कोल्ड स्टोरेजमधल्या माशांचा वास.
पाकीट फ्रिजवर ठेवलं नि झोपले.

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटवर तिचं दुकान.
चेन बदलून मिळेल, पँट आखूड करून मिळेल,
थांबणाऱ्याला चहा.
वर पाटी, नवऱ्याने बोटीच्या उरलेल्या निळ्या रंगात रंगवलेली:
द नेबर.
नवरा गेला, बोटी गेल्या.
रंग टिकला.

संध्याकाळी तिचा चष्मा सापडेना,
म्हणून मीच वाचून दाखवलं.
लंडनची कुठलीशी कंपनी. फोनवर बोट टेकवलं
की तासाला नऊ पौंडांत कुणीतरी येतं,
कुंड्यांना पाणी घालतं, मांजराची विचारपूस करतं
आणि जाताना म्हणतं, पाच तारे द्याल का?
तर "नेबर" हा शब्द आता त्यांचा.
वर्ग पंचेचाळीस, सामाजिक सेवा.
चौदा दिवसांत पाटी उतरवावी, अन्यथा.
"अन्यथा"च्या पुढे सात पानं होती.

शब्दाच्या कानाशी गोलातला बारीक आर.
आमच्याकडे गुरांच्या कानात बिल्ला मारतात,
तसा.

ऑड्री म्हणाली, बोलायला तरी चालेल ना?
बोलायला चालेल, म्हटलं. टांगायला नाही.
ती सुईत दोरा ओवत राहिली
चष्म्याशिवाय.

काय सांगणार होते मी तिला?
माझ्या भाषेत माणसं शब्द देतात,
दिलेला पाळतात, नाहीतर फिरवतात,
अडल्यानडल्याला कुणाकडे तरी टाकतात
आणि तो खाली पडू नये म्हणून श्वास धरून बसतात.
कुणी कुणाकडून घेतलाच, तर पुढे आठवण करून द्यायला.
कुलपात घातल्याचं ऐकलं नव्हतं.

मग एकदम आठवलं.
म्हटलं, ऑड्री, आमचा शेजारी एकटा नसतो गं,
त्याच्यामागे एक पाजारी असतो.
म्हणजे कोण?
कुणीच नाही.
चहाबिहा घेणार का, म्हणतो आम्ही, त्यातला बिहा.
अर्थ सगळा पुढचा घेऊन जातो,
हा आपला मागून, हात हलवत, नुसता सोबतीला.
एकट्याला त्याला कुणी हाकही मारत नाही.
तिने डोळे बारीक केले:
आणि याची नोंद?
याची कोण करणार? बिनकामाचा तो.

ऑड्री हसली, सुजल्या गालावर हात धरून.
म्हणाली, चाळीस वर्षं या गल्लीत
मी दुसरं काय करतेय?

रविवारी शिडी मी धरली.
डब्याच्या तळाशी साय धरलेला निळा
टर्पेंटाइन घालून सैल केला.
रोमन अक्षरं, त्यात जेचं जरा पोट सुटलेलं,
शेवटच्या आयवर वाऱ्याने चिकटवलेलं पीस.
सोमवारी दोघांनी विचारलं, कबाब आहे का.
एकजण पँट आखूड करून गेला तरीही.

परवा दुसरं पाकीट आलं, पहिल्याहून जाड.
ऑड्री पुन्हा दाढेपायी बाहेर.
सही पुन्हा माझी.
ती आली ती कार्ड नाचवतच:
"आपण घरी नव्हता.
आपलं पाकीट नेबरकडे दिलं आहे."
छापील. चौकोनात बरोबरची खूण.
शब्दाच्या कानात बिल्ला नाही, काही नाही,
मोकळा हिंडणारा.

कायदा तो कायदा, म्हणाली,
माझ्याकडून पेन घेतलं,
शब्द खोडला
आणि वर, शिवणीच्या टाक्यांसारखी बारीक,
सहा अक्षरं घातली.

पाकीट अजून फ्रिजवर आहे.
उघडू.
आधी चहा.
आणि बिहा.